आरसी हेलिकॉप्टरच्या वायरी छोट्या कराव्यात का? रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत हा प्रश्न जास्त महत्त्वाचा का ठरतो?

समजा, रत्नागिरीजवळच्या एखाद्या कातळसड्यावर सकाळचे सात वाजलेत. मतलई वारा पडलाय आणि खारा वारा अजून सुरू झालेला नाही. रिमोटवर चालणारं एक छोटं हेलिकॉप्टर डोक्याच्या उंचीवर स्थिर तरंगतंय. अचानक त्याची शेपूट गरकन फिरते, रिमोटची काडी कशीही हलवली तरी थांबत नाही आणि पुढच्या दोन सेकंदांत पाती जांभ्या दगडावर आपटतात.

घरी येऊन सगळं उघडल्यावर कारण सापडतं. शेपटीच्या सर्व्होकडे जाणारी केसासारखी पातळ वायर कार्बन फायबरच्या पट्टीच्या कडेला घासून घासून आतून उघडी पडलेली असते. वायर जेमतेम काही रुपयांची, पण तिच्यामुळे झालेलं नुकसान काही हजारांचं.

रेडिओ कंट्रोल म्हणजे आरसी मॉडेल उडवणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. हेलिकॉप्टर विकत घेतल्यावर किंवा जोडल्यावर अनेकांचं पहिलं काम असतं ते आतला वायरींचा गुंता आवरण्याचं. जास्तीच्या वायरी कापायच्या, उरलेल्या नीट बांधायच्या. पण हे फक्त दिसायला छान म्हणून करायचं की त्याचा खरंच उपयोग होतो? कोणती वायर कापायची आणि कोणत्या वायरीला हातही लावायचा नाही? आणि समुद्रकाठच्या गावात वेगळी काय काळजी घ्यायची? समजून घेऊया.

हेलिकॉप्टरच्या आत एवढ्या वायरी कशासाठी?

छंद म्हणून उडवली जाणारी बरीच इलेक्ट्रिक हेलिकॉप्टर्स '४५०' या वर्गातली असतात. मुख्य पात्यांच्या फिरण्याचा व्यास साधारण ७०० मिलिमीटर आणि बॅटरीसकट वजन साधारण पाऊण ते एक किलोच्या दरम्यान. म्हणजे आकारानं घरातल्या छोट्या पंख्याएवढं, पण आत बरंच काही भरलेलं.

बॅटरी, मोटर आणि मोटरचा वेग ठरवणारा स्पीड कंट्रोलर (याला सगळे ईएससी म्हणतात). रिमोटचे संदेश घेणारा रिसीव्हर. हेलिकॉप्टर किती वळलं, कुठे कललं हे ओळखणारा जायरो. मुख्य पात्यांचा कोन बदलणाऱ्या तीन छोट्या सर्व्हो मोटरी आणि शेपटीच्या पात्यांसाठी चौथी.

प्रत्येक सर्व्होला तीन वायरी असतात. एक वीज आणते, दुसरी वीज परत नेते आणि तिसरीतून संदेश जातो. हा संदेश म्हणजे विजेचा एक अगदी छोटा ठोका. तो किती वेळ टिकला यावरून सर्व्होला कुठे वळायचं ते कळतं. बहुतेक साध्या सर्व्होंमध्ये साधारण दीड मिलिसेकंदाचा ठोका म्हणजे 'मध्यभागी राहा'. तो थोडा लांबला की एका बाजूला, आखूड झाला की दुसऱ्या बाजूला.

म्हणजे चार सर्व्होंच्या मिळून बारा वायरी झाल्या. त्यात ईएससी, जायरो, बॅटरी आणि मोटरच्या जाड वायरी मिळवल्या की दोन तळव्यांत मावेल एवढ्या सांगाड्यात वायरींचं जाळं तयार होतं.

मग कंपन्या वायरी एवढ्या लांब देतातच का?

कारण सोपं आहे. तीच सर्व्हो विमानातही लागते, बोटीतही लागते आणि हेलिकॉप्टरमध्येही. कोणाचा रिसीव्हर पुढे असतो, कोणाचा मागे. म्हणून सगळ्यांना पुरेल अशी सरसकट लांबी दिली जाते. कपडे शिवताना दाब ठेवतात, तसंच.

लांब वायर नंतर छोटी करता येते, पण आखूड पडलेली वायर मोठं संकट होऊ शकते. याचं जगातलं सगळ्यात महागडं उदाहरण म्हणजे एअरबस ए-३८० हे विमान. या एका विमानात साधारण ५३० किलोमीटर वायरी असतात. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये आणि फ्रान्सच्या तुलूझमध्ये बसलेले अभियंते एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. हॅम्बुर्गहून तयार होऊन आलेल्या वायरींच्या जुड्या प्रत्यक्ष विमानात बसवायला गेल्यावर काही ठिकाणी कमी पडल्या. वायरी वळणं घेताना किती लांबी खातात, याचा हिशेब चुकला होता. २००६ मध्ये एअरबसला विमानांच्या डिलिव्हरीचं वेळापत्रक पुढे ढकलावं लागलं. पहिलं ए-३८० सिंगापूर एअरलाइन्सच्या हाती पडलं ते ऑक्टोबर २००७ मध्ये.

वायर छोटी करणं म्हणजे कात्री चालवणं नव्हे, आधी मोजणं, हाच यातला धडा.

वायरी छोट्या केल्यानं हेलिकॉप्टर हलकं होतं का?

इथे अनेकांचा गैरसमज असतो. थोडा हिशेब करूया.

छोट्या सर्व्होची वायर साधारण ०.१३ चौरस मिलिमीटरची असते. आवरणासकट अशी एक मीटर वायर साधारण २ ग्रॅम भरते. एका सर्व्होच्या तिन्ही वायरी १० सेंटिमीटरनं कमी केल्या तर ३० सेंटिमीटर वायर वाचली. म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जराशी जास्त. चार सर्व्हो आणि ईएससीची संदेशाची वायर धरली तरी सगळी बचत ३ ग्रॅमच्या आसपास. ८०० ग्रॅमच्या हेलिकॉप्टरला त्यानं काहीही फरक पडत नाही.

विजेचं काय? वरच्याच वायरीत १० सेंटिमीटर कमी केले तर जाता-येता २० सेंटिमीटर तांबं कमी होतं. एक अँपिअर प्रवाह असताना त्यानं वाचतात ०.०२७ व्होल्ट. सर्व्होला मिळणाऱ्या ५ व्होल्टच्या तुलनेत हे अर्ध्या टक्क्याएवढं.

म्हणजे वजन आणि वीज ही वायरी छोट्या करण्याची खरी कारणं नाहीत. खरं कारण आहे, जास्तीची वायर कुठे जाऊन अडकते.

खरा धोका नेमका काय?

४५० वर्गातल्या हेलिकॉप्टरची मुख्य पाती मिनिटाला साधारण २,८०० वेळा फिरतात असं धरूया. पाच मिनिटांच्या एका उड्डाणात हे १४ हजार फेरे झाले. शेपटीची पाती त्याच्या चौपटीहून जास्त वेगानं, म्हणजे मिनिटाला जवळपास १२ हजार वेळा फिरतात. या प्रत्येक फेऱ्यागणिक सांगाड्याला बारीक हादरा बसतो.

सैल लोंबणारी वायर या हादऱ्यांनी सतत थरथरते. शेजारी कार्बन फायबरच्या पट्टीची कड असेल तर ती कानशीसारखी वायरीचं आवरण घासत राहते. त्यात कार्बन फायबरमधून वीज वाहते. आवरण फाटून दोन वायरी त्या पट्टीला टेकल्या तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं. मग एकट्या सर्व्होचा प्रश्न राहत नाही. रिसीव्हरचीच वीज जाऊन हेलिकॉप्टर पूर्ण बहिरं होऊ शकतं.

दुसरा धोका गिअरचा. मोटरचं छोटं चाक आणि त्याला लागलेलं मोठं प्लास्टिकचं चाक उघडंच फिरत असतं. लोंबणारी वायर त्यात एकदा गेली की सर्व्हो तरी तुटते किंवा दाते तरी जातात.

हे सगळं गंभीर का आहे, ते पात्यांचा वेग पाहिल्यावर कळतं. ७०० मिलिमीटर व्यास आणि मिनिटाला २,८०० फेरे, म्हणजे पात्याचं टोक ताशी जवळपास ३७० किलोमीटर वेगानं जातं. सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका उद्यानात १९ वर्षांच्या तरुणाचा स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचं पातं लागून मृत्यू झाला होता. ते हेलिकॉप्टर याहून मोठ्या वर्गातलं होतं आणि हा अपघात वायरिंगमुळे झाला असं कोणी म्हटलेलं नाही. पण ताब्यातून सुटलेलं मॉडेल हेलिकॉप्टर काय करू शकतं, हे त्यातून दिसतं.

मोठ्या विमानांत असं घडलंय का?

हो, आणि त्यातूनच नियम बदलले. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून निघालेलं टीडब्ल्यूए ८०० हे विमान हवेतच फुटलं आणि २३० जणांचा जीव गेला. अमेरिकेच्या तपास यंत्रणेनं मधल्या इंधन टाकीतल्या वाफेचा स्फोट हे कारण दिलं. ठिणगी नक्की कुठून आली ते सिद्ध झालं नाही, पण टाकीबाहेरच्या वायरींतलं शॉर्ट सर्किट ही सर्वाधिक शक्यता मानली गेली.

२ सप्टेंबर १९९८ रोजी स्विसएअर १११ कॅनडाजवळ समुद्रात कोसळलं. २२९ जण गेले. कॉकपिटच्या वरच्या भागात वायरिंगमध्ये ठिणगी उडून आजूबाजूच्या ज्वलनशील आवरणानं पेट घेतला होता.

त्यानंतर विमानातल्या वायरींकडे इंजिनासारखीच एक स्वतंत्र यंत्रणा म्हणून पाहायला सुरुवात झाली. अमेरिकेत २००७ मध्ये त्यासाठी वेगळे नियम आले. वायर कुठून जावी, कशाला बांधावी, कशापासून दूर ठेवावी, कुठे तपासावी हे ठरवून दिलं गेलं. मॉडेल हेलिकॉप्टरला हे नियम लागू होत नाहीत, पण त्यातली तत्त्वं तीच आहेत.

मग वायरी आवरायच्या कशा?

पहिलं काम: बॅटरी काढा, मुख्य पाती उतरवा आणि मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. कोणती वायर रिसीव्हरच्या कोणत्या खाचेत होती, हे नंतर आठवत नाही. प्रत्येक प्लगला छोटी कागदी चिठ्ठी चिकटवली तर आणखी चांगलं.

दुसरं काम: आधी रस्ता ठरवा, मग लांबी. संदेशाच्या वायरी सांगाड्याच्या एका बाजूनं आणि बॅटरी-मोटरच्या जाड वायरी दुसऱ्या बाजूनं न्याव्यात. जाड वायरींत मोठा प्रवाह वेगानं चालू-बंद होत असतो. त्याचा गोंगाट संदेशाच्या वायरींत शिरू नये म्हणून दोन्ही दूर ठेवायच्या. एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडावं. बॅटरीची लाल आणि काळी वायर एकमेकींना चिकटवून नेली तर फायदा होतो. दोन्हींत प्रवाह उलट दिशेनं असल्यानं त्यांची चुंबकीय क्षेत्रं बरीचशी एकमेकांना मारतात.

तिसरं काम: कार्बनच्या कडा बारीक पॉलिश पेपरनं घासून गुळगुळीत करा. ही धूळ नाकात जाऊ नये आणि सर्किटवर पडू नये, म्हणून आधी इलेक्ट्रॉनिक भाग काढून ठेवा, मास्क लावा आणि ओल्या कपड्यानं पुसून घ्या. जिथे वायर कडेला टेकणार आहे तिथे जाळीची किंवा स्पायरल स्लीव्ह चढवा.

चौथं काम: वायर ठरलेल्या रस्त्यानं प्रत्यक्ष ठेवून पाहा आणि मगच मोजा. दोरीचा तुकडा वापरून मापलं तर वळणांसकट लांबी मिळते. त्यावर बोटाच्या पेराएवढी जास्त वायर ठेवा. उद्या प्लग खराब झाला तर तो कापून नवा बसवायला ती कामी येते. ताणलेली वायर ही लोंबणाऱ्या वायरीइतकीच वाईट. प्रत्येक हादरा मग थेट सांध्यावर येतो.

कापल्यावर जोडायचं कसं?

दोन पद्धती आहेत.

पहिली म्हणजे टोकाला नवी पिन बसवणं. प्लगच्या प्लास्टिकवरची छोटी जीभ सुईनं हळूच उचलली की आतली पिन बाहेर सरकते. वायर हव्या त्या लांबीला कापून तिच्यावर क्रिंपिंगच्या पकडीनं नवी पिन दाबून बसवायची. यात मध्ये कुठेही सांधा राहत नाही, म्हणून ही पद्धत जास्त चांगली. पण साध्या पक्कडीनं पिन दाबू नये. पिनेची एक जोडी पाकळ्या तांब्याला धरते आणि दुसरी जोडी आवरणाला. दोन्ही नीट बसल्या तरच हादऱ्यात पिन टिकते. आणि क्रिंप करण्याआधी वायरीच्या टोकाला कथील लावायचं नाही. दाबाखाली कथील हळूहळू दबत जातं आणि पकड सैल होते.

दुसरी पद्धत म्हणजे मधला तुकडा काढून दोन टोकं डाग देऊन जोडणं. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताला हे काम सवयीचं असतं. इथे तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, हीट श्रिंक नळी आधी वायरीत ओवायची. डाग दिल्यावर ती आठवली तर सांधा पुन्हा उघडावा लागतो. दोन, तिन्ही वायरी एकाच जागी कापायच्या नाहीत. प्रत्येकीचा सांधा एकमेकांपासून साधारण सेंटिमीटरभर पुढे-मागे ठेवायचा. मग एखादी नळी फाटली तरी दोन उघडे सांधे समोरासमोर येत नाहीत. तीन, कथील वायरीत जिथपर्यंत भिनतं तिथपर्यंत ती कडक होते आणि हादऱ्यांनी ती नेमकी त्या कडेला तुटते. म्हणून सांध्याच्या दोन्ही बाजूंना नळीचा आधार हवा आणि सांधा वळणावर येता कामा नये.

जाड वायरींना वेगळा नियम आहे. बॅटरीच्या वायरी कधीही दोन्ही एकदम कापू नयेत. पकडीचं पातं दोन्ही वायरींना टेकलं तर पूर्ण बॅटरी शॉर्ट होते. एक कापा, तिचं टोक झाका, मगच दुसरी. खरं तर बॅटरीऐवजी ईएससीच्या बाजूच्या वायरी छोट्या करणं जास्त सुरक्षित. त्यात वीजच साठलेली नसते. फक्त आधी बॅटरी काढलेली असल्याची खात्री करावी.

आणि उलटं काम, म्हणजे बॅटरी आणि ईएससीमधल्या वायरी लांब करणं, शक्यतो टाळावं. वायर जेवढी लांब तेवढे प्रवाह चालू-बंद होताना विजेचे झटके मोठे. ते सोसून ईएससीतले कपॅसिटर तापतात आणि निकामी होतात.

कोणत्या वायरींना हात लावायचा नाही?

रिसीव्हरची अँटेना. बहुतेक नवे रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. या लहरींची लांबी साधारण १२.५ सेंटिमीटर आणि अँटेनाचं उघडं टोक त्याच्या चौथ्या भागाएवढं, म्हणजे साधारण ३१ मिलिमीटर ठेवलेलं असतं. 'एवढंसं काय होतंय' म्हणून ते कापलं तर रिमोटचा पल्ला कमी होतो. दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींना काटकोनात आणि कार्बनपासून दूर ठेवाव्यात. कार्बन फायबर लहरी अडवतं.

जायरोच्या वायरी. जायरो मऊ चिकटपट्टीवर बसवतात, ते सांगाड्याचे हादरे त्याच्यापर्यंत पोहोचू नयेत म्हणून. त्याच्या वायरी छोट्या करून ताणून बांधल्या तर हादरे वायरींतून आत जातात आणि शेपूट विनाकारण डुलायला लागते. इथे थोडी ढिलाई मुद्दाम ठेवायची.

मोटरमधून थेट बाहेर येणाऱ्या वायरी. काही मोटरींत आतल्या गुंडाळीचीच तार बाहेर आलेली असते आणि तिच्यावर एनॅमलचा थर असतो. ती कापली तर तो थर पूर्ण खरवडल्याशिवाय डाग बसत नाही. छोटं करायचंच असेल तर ईएससीच्या बाजूनं करावं.

रत्नागिरीत वेगळी काळजी का?

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडतो आणि हवेत समुद्राचं मीठ असतं. घराच्या खिडक्यांचे गज, मोटरसायकलचा सायलेन्सर आणि होडीच्या इंजिनाची जी अवस्था होते, तीच हळूहळू वायरींच्या टोकांची होते. तांब्यावर हिरवट-काळा थर चढतो, पिनेचा स्पर्श कमी होतो आणि सर्व्हो मधूनच दचकायला लागते.

इथे वायरी छोट्या करण्याचा एक तोटाही समोर येतो. प्रत्येक नवा काप म्हणजे तांब्याचं नवं उघडं टोक. म्हणून समुद्रकाठी राहणाऱ्यांनी गरजेपुरतेच सांधे करावेत आणि आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी वापरावी. तापवल्यावर तो गोंद वितळून कडा बंद करतो. डाग देताना वापरलेला फ्लक्स आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून काढावा. दमट हवेत उरलेला फ्लक्स ओलावा धरून ठेवू शकतो.

पावसाळ्याचे चार महिने हेलिकॉप्टर बंद पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणं बरं. बॅटरी मात्र हेलिकॉप्टरमधून काढून वेगळी ठेवावी. लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये. प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास असावा. गणपतीनंतर पाऊस उघडला की पहिल्या उड्डाणाआधी सगळे प्लग काढून, पिना पाहून परत बसवावेत.

वायरीच्या आवरणाचाही विचार करावा लागतो. सर्व्होच्या वायरींवर बहुतेक वेळा पीव्हीसी असतं. या पीव्हीसीचं रत्नागिरीशी नातं आहे. पुण्यात केबलच्या धंद्यातून वाढलेल्या फिनोलेक्स समूहाचा पीव्हीसी रेझिनचा कारखाना रत्नागिरीजवळ गोळप-रनपार भागात आहे. पीव्हीसी स्वस्त आणि टिकाऊ, पण गरम मोटरला टेकलं तर मऊ पडतं. म्हणून मोटर आणि बॅटरीच्या वायरींना सिलिकॉनचं आवरण असतं. ते जास्त उष्णता सहन करतं आणि लवचिकही असतं, पण कडेला घासलं तर लवकर चिरतं. म्हणजे गरम जागी सिलिकॉन, घासणाऱ्या जागी स्लीव्ह.

सगळं बांधून झालं, आता थेट उडवायचं?

नाही. आधी मल्टिमीटरनं प्रत्येक वायर टोकापासून टोकापर्यंत तपासा. लाल आणि काळी एकमेकींना टेकलेली नाहीत ना, तेही पाहा.

मग मोटरच्या तिन्ही वायरी ईएससीपासून सोडून ठेवा आणि मगच बॅटरी जोडा. आता पाती फिरण्याची भीती नाही. रिमोटच्या काड्या हलवताना वायरींच्या जुड्या बोटानं हलवा, ओढा. एखादी सर्व्हो दचकली की दोष तिथेच.

त्यानंतर हेलिकॉप्टर हातात धरून शेपूट एका बाजूला फिरवा. शेपटीची सर्व्हो ते वळण थोपवणाऱ्या दिशेनं हलली पाहिजे. प्लगांची अदलाबदल झाली किंवा जायरो उलटा बसला तर हे उलटं होतं आणि तसं हेलिकॉप्टर जमिनीवरून उचलताक्षणी भोवऱ्यासारखं फिरतं. शेवटी रिमोटची पल्ला-चाचणी करायची. त्यात रिमोटची ताकद मुद्दाम कमी केली जाते आणि काही पावलांवरून सगळं नीट चालतंय का ते पाहतात.

झिप टाय आवळताना वायर दबून चपटी होऊ देऊ नका. टायचं कापलेलं टोकही सपाट असावं. तिरकं राहिलं तर तेच पुढची वायर कापतं.

उडवायचं कुठे?

हेलिकॉप्टर खेळण्यासारखं दिसलं तरी ड्रोन नियम २०२१ त्यालाही लागू होतात, कारण या नियमांत रिमोटवर उडणारी, फिरत्या पात्यांची यानंही येतात. २५० ग्रॅमपर्यंत 'नॅनो' आणि त्यापुढे २ किलोपर्यंत 'मायक्रो'. म्हणजे ४५० वर्गातलं हेलिकॉप्टर मायक्रोत बसतं. व्यावसायिक काम नसेल तर मायक्रोसाठी रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण म्हणून कुठेही उडवता येत नाही.

रत्नागिरीत तर हे जास्त लक्षात ठेवायला हवं. शहरालगत मिरजोळे इथे विमानतळ आहे आणि तिथे तटरक्षक दलाचं हवाई केंद्र आहे. विमानतळाभोवतीच्या पट्ट्यात अंतराप्रमाणे निर्बंध असतात. सपाट आणि मोकळा दिसणारा सडा नकाशावर लाल किंवा पिवळ्या भागात असू शकतो. 'डिजिटल स्काय' या सरकारी संकेतस्थळावर नकाशा आहे, तो आधी पाहावा. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

छंदाच्या पलीकडे याचा उपयोग काय?

'थ्री इडियट्स' सिनेमात दिसलेला ड्रोन आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या आयडियाफोर्ज या कंपनीनं बनवला होता. २००९ मध्ये पडद्यावर नवलाईचं वाटलेलं ते यंत्र आज शेतात फवारणी करतंय. केंद्र सरकारच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. आयटीआयमध्ये 'ड्रोन टेक्निशियन' हा ट्रेड आला.

फवारणीचा ड्रोन बागेत नेला की पाणी, औषध, ऊन आणि खारी हवा सगळं एकत्र येतं. तिथेही बिघाड शोधताना पहिला हात जातो तो प्लग, पिना आणि घासलेल्या वायरींकडेच. मॉडेल हेलिकॉप्टरच्या वायरी स्वतः आवरलेल्या मुलाला किंवा मुलीला हे काम नव्यानं शिकावं लागत नाही.

थोडक्यात, वायरी छोट्या केल्यानं हेलिकॉप्टर जास्त वेगानं किंवा जास्त वेळ उडणार नाही. आतली प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, कशाला टेकते आणि कुठे झिजू शकते, हे मात्र उडवणाऱ्याला नेमकं ठाऊक होतं. दर दहा-बारा उड्डाणांनंतर झाकण उघडून पाच मिनिटं टॉर्च मारली की झिजणारी वायर तुटण्याआधी दिसते. गुंत्यात मात्र ती सड्यावर, पाती फिरत असतानाच सापडते.